बेंडजवळचा तडा

डोणगाव, ३ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझा गुजरातेतला, दहेजचा पत्ता रामकडून मिळाला, तुझ्यासोबत आयटीआयला होता तो. आधी द्यायला तयार नव्हता. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उत्तर आलंच पाहिजे असं काही नाही.

मी सध्या घरी आहे, कामासाठी. मेहकर रस्त्यावरची ती सोयाबीनची तेलमिल जुन्या मालकाने विकली. नव्या लोकांना याच हंगामात ती चालू करायची आहे. वाफेची सगळी लाइन तपासून, लागेल तिथे बदलून द्यायचं काम पुण्याला आमच्या ऑफिसकडे आलं आणि मी ते मागून घेतलं. घराजवळचं होतं, एवढंच. साहेबांना आधीच सांगून टाकलं की ही लाइन माझ्या भावाने वेल्ड केली होती, आणि ती फुटली तेव्हा जो माणूस भाजला तो माझ्या बहिणीचा, काजलचा नवरा आहे. ते म्हणाले, "मग तुझं गणित दुसरं कुणीतरी तपासेल." मलाही तेच बरं वाटलं.

अपघात झाला तेव्हा मी पुण्यात होते. मला जे माहीत आहे ते लोकांच्या तोंडून. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे माझ्याकडे कुठे चुकीचं आलं असेल तर कळेल.

बॉयलर रोज संध्याकाळी विझवायचे आणि सकाळी पेटवायचे. त्या सकाळी गणेशरावांनी नेहमीप्रमाणे वाफ सोडली. बॉयलर अटेंडंट म्हणून ते त्यांचंच काम. लाइन सरळ जाऊन जिथे ड्रायरकडे वळते, तिथला बेंड जोडाच्या कडेने फाटला, आणि नेमके ते त्याच्याखालून चालले होते. उजवा हात, खांदा, मानेची एक बाजू. चौकशीला आलेल्यांनी जोड पाहिला आणि वेल्डिंग कच्चं असं लिहून ते गेले. दवाखान्याच्या आवारात बाबा सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "तुह्या हातानं पोरीचा संसार भाजला." काजलने तुला वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवलं. तू घरी न येता तसाच निघून गेलास.

आई बरी आहे. बाबांचं कमरेचं दुखणं चालू आहे, पण वांग्याच्या वाफ्यात रोज जातात. तुझं नाव घरात निघत नाही. परवा टीव्हीवर गुजरातेतल्या कुठल्यातरी कारखान्याची आग दाखवत होते. बाबांनी आवाज वाढवला, गावाचं नाव नीट ऐकून घेतलं आणि टीव्ही बंद केला. जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "आज भाजीत मीठ बराबर हाय." आईने त्या दिवशी मीठ विसरलंच होतं.

निशिगंधा


डोणगाव, १२ सप्टेंबर २०२५

दादा,

फुटलेला बेंड सापडला. बॉयलरमागच्या भंगारात पोत्यात गुंडाळून ठेवला होता. चौकशी संपल्यावर कुणालाच त्याचं काम राहिलं नव्हतं.

मी जे पाहिलं ते सांगते. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तेव्हा तसं वाचू नकोस.

पाइप जोडाच्या कडेने फाटला आहे हे खरं. पण तडा वेल्डिंगमधून गेलेला नाही. वेल्डिंग जिथे संपतं आणि पाइपचं अंग सुरू होतं, त्या रेषेवर, पाइपच्या अंगात तो सुरू झाला आहे. तुझं वेल्डिंग पलीकडच्या तुकड्याला आजही शाबूत चिकटलेलं आहे. आतपर्यंत पूर्ण भरलेलं आहे, कुठे पोकळी नाही. नागपूरच्या लॅबमध्ये तुकडा कापून पाठवला होता. पाइपचा मालही ठीक निघाला.

मग फाटलेल्या तोंडाकडे पाहिलं. पेनटाकळी धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं तेव्हा काठाच्या मातीवर एकाखाली एक रेघा राहतात ना, तशा रेघा आहेत. वरच्या बाजूने सुरू होऊन आत आत गेलेल्या. निम्म्याहून जास्त तोंड काळं पडलेलं आहे, गंज धरलेलं. उरलेलं स्वच्छ. म्हणजे तडा त्या सकाळी पडला नाही. तो कित्येक महिने थोडा थोडा सरकत होता. वरून उष्णता धरून ठेवणाऱ्या लोकरीचा थर आणि पत्रा असल्यामुळे कुणाला दिसला नाही. त्या सकाळी फक्त उरलेलं अंग गेलं.

असं होतं ते पाइप पुन्हा पुन्हा वाकवल्याने. तार हाताने इकडे तिकडे वाकवून तोडतो तसंच, फक्त फार सावकाश. वाफ आत आली की ती सरळ लाइन तापून चारेक बोटं लांब होते. संध्याकाळी निवली की तेवढीच आखडते. रोज. ती चार बोटं कुठेतरी जायला हवीत. बेंडच्या पुढचा भाग मोकळा असेल तर तो थोडा झुकतो आणि सामावून घेतो. तो मोकळा नसेल तर सगळा ताण बेंडच्या जोडावर येतो.

आता प्रश्न. बेंडच्या पुढे, पहिल्याच गर्डरवर, पाइपखाली आधाराला जो लोखंडी शू आहे, तो तू गर्डरवर नुसता टेकवला होतास की वेल्ड केला होतास? मला तो वेल्ड केलेला सापडला. रॉड वेगळा वाटतो, हातही वेगळा वाटतो. पण वाटण्यावर मला काही लिहिता येत नाही.

एक वाक्य पुरे.

निशिगंधा


डोणगाव, २८ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझं कार्ड आलं. "शू मोकळा सोडला होता. आता हे उकरू नको." दोन वाक्यं लिहिलीस, मी एकच मागितलं होतं.

कार्ड पोस्टमनने बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं नाही असं ते म्हणतात. चष्मा मात्र तेव्हा डोळ्यांवर होता.

उकरायचं नव्हतं, पण शू गर्डरला वेल्ड करून कुणी बांधला हे कळल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही. नाहीतर नवी लाइनही तशीच बांधली जाईल. मिलमध्ये जुन्यांपैकी नारायणराव फिटर तेवढे राहिले आहेत. त्यांना विचारलं.

ते म्हणाले, "तो माह्याच हातचा हाय. गणेशरावनं सांगतलं, म्या मारून देल्ला."

"काऊन पण?"

"लाइन लय ठोकत व्हती बाई. सकायी वाफ सोडली का धाड धाड. पत्रे हालत. आफिसातले लोक वरडत. गणेशराव म्हनले, नारायणराव, याले बांधून टाका एकदाचं. बांधलं तं आवाज कमी झाला. समद्यायले बरं वाटलं."

तुला कळलंच असेल. ठोकत होतं ते पाणी. रात्रभर निवलेल्या लाइनीत पाणी साचतं, वाफ त्याला ढकलत नेते आणि ते बेंडवर आदळतं. पाणी बाहेर काढणारा ट्रॅप अडकला होता. तो मी उघडून पाहिला, आत गंजाचा गोळा आहे. आवाज होता पाण्याचा, आणि बांधला गेला पाइप.

मी संगणकावर लाइन दोन्ही प्रकारे मांडली, शू मोकळा धरून आणि बांधलेला धरून. मोकळी असती तर त्या जोडाला काही झालं नसतं. बांधल्यावर तिथला ताण मर्यादेच्या कितीतरी वर जातो. पुण्याला दुसऱ्याने तपासलं, त्याचंही तेच आलं.

अजून एक गोष्ट आहे. नव्या मालकांनी गणेशरावांना परत बोलावलंय. हाताने काम होत नाही, पण कंट्रोल रूममध्ये बसून प्रेशर, तापमान पाहायचं. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं ठरलंय. काजलने आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई किती दिवसांनी मोठ्याने बोलत होती.

अहवाल अजून दिलेला नाही. काही आकडे पुन्हा पाहायचे आहेत.

निशिगंधा


डोणगाव, ७ ऑक्टोबर २०२५

दादा,

आकडे पाहायचे नव्हते. बीबीला, काजलच्या घरी जायचं होतं.

काल गेले. गणेशरावांना अहवाल दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये असं मला वाटलं. तू म्हणशील, कळवायचंच कशाला. त्याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. ते परत त्याच लाइनीजवळ कामाला जाणार आहेत.

काजल मेथीच्या जुड्या बांधत होती. आता बाजाराचं सगळं तीच पाहते. गणेशरावांच्या आई झुंबरबाई ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून गणेशराव उठले, शर्टाची बाही खाली ओढली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात. हे तुला कुणी लिहिलं नसेल.

मी जसं तुला लिहिलं तसंच त्यांना सांगितलं, आधी तडा, मग ताण, मग शू. बॉयलरचं शिकलेला माणूस, शूपर्यंत पोचायच्या आधीच त्यांना कळलं होतं असं वाटतं, कारण ते माझ्याकडे पाहायचे थांबले होते.

मग म्हणाले, "ट्रॅप बदला म्हणून म्या जुन्या सायबाले किती खेपा सांगतलं. देल्लाच नाही. मंग म्हटलं, बांधून तरी टाकू."

मी म्हटलं, "ते मी लिहिणार आहे. ट्रॅप अडकला होता आणि बदलून दिला नाही, हे पण कारणच आहे. लाइनीचा नकाशा कुणाजवळ नव्हता, शू मोकळा ठेवायचा असतो हे कुठं लिहून लावलेलं नव्हतं, ते पण."

"आन् माह्यं नाव?"

"नावाची गरज नाही. शू नंतर बांधला गेला एवढं लिहावं लागीन."

"मिलमध्ये समद्यायले माहीत हाय कोणं बांधायले लावला."



तेवढ्यात काजल हातातली जुडी टाकून उभी राहिली. म्हणाली, "ताई, तू इतक्या लांबून हे सांगाले आली? याइले आता कुठं नोकरी भेटून राह्यली, आन् तुले तुह्या भावाले सोडवाचं हाय."

"तो तुहाही भाऊ आहे."

"त्याच्यावर राग धरून मी इतके दिवस काढले. हे रात्री वरडत उठले का मी दादाले शिव्या द्याची, आन् मंग माह्यं डोकं शांत व्हये. आता कोणाले देऊ सांग. याइले?"

झुंबरबाई म्हणाल्या, "सूनबाई, खाली बस." ती बसली नाही, आत गेली.

गणेशराव मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. गाडी यायची होती. मी म्हटलं, हवं तर अहवाल देण्याआधी अजून काही दिवस थांबते, तुम्ही आधी रुजू व्हा. मी असं म्हणायला नको होतं, पण म्हटलं. ते म्हणाले, "नोको. तो आवाज बंद झाला त्या दिवशी मी घरी येऊन काजलले सांगतलं व्हतं, आज मिलमध्ये शांत झालं म्हणून. लय खुश व्हतो मी." मग गाडी आली.

आज अहवाल पाठवला. नाव कुणाचंच नाही, तुझंही नाही. फक्त एक वाक्य आहे की बेंडचा जोड निर्दोष होता.

निशी


डोणगाव, २० ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझं लांब पत्र मिळालं. तू रागावशील असं वाटलं होतं, पण अशा कारणासाठी रागावशील असं वाटलं नव्हतं. "त्याचा हात गेला तो गेला, वरून त्याला हेही दिलंस." मी फक्त पुढे काय झालं ते लिहिते.

अहवालावर मिलमध्ये बैठक झाली. नवे मालक, त्यांचे दोन इंजिनिअर, मी. त्यांनी विचारलं, शू कुणी बांधला. मी म्हटलं, ज्याने बांधला त्याला तो बांधू नये हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं. तेवढ्यावर विषय संपत आला होता. इतक्यात दार उघडून गणेशराव आत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बीबीहून सकाळच्या गाडीने आले होते. उभ्यानेच म्हणाले, "शू मी बांधायले लावला. ट्रॅप मागून भेटला नाही म्हणून लावला. लाइन काऊन फुटली ते मले आता समजलं. नोकरी द्या नाही तं नका देऊ, पण वेल्डरनं काही केलं नाही हे इथं कोणी तरी लिहून घ्या."

मालक वयस्कर आहेत, अकोल्याकडचे. त्यांनी एवढंच विचारलं, "आता लाइन ठोकली तर काय कराल?"

"वाफ बंद करीन. पाणी काढल्याबिगर सोडणार नाही. कोणं कितीबी वरडो."

त्यांना ठेवलंय. गेल्या सोमवारी रुजू झाले.

तिथून ते घरी आले, म्हणजे आपल्याकडे, डोणगावला. मी सोबत होते. बाबा वाफ्यातून नुकतेच आले होते, पाय धूत होते. गणेशरावांनी त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी पाय धुवून झाल्यावरही नळ बंद केला नाही. आईने पुढे होऊन बंद केला. मग ते म्हणाले, "तुमी बसा जावई. जेवून जा." बस, इतकंच. जेवताना सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी झाल्या.

बाजाराच्या दिवशी मात्र एक झालं. बाबा वांगी घेऊन बसले होते. मी थैली घेऊन मागे उभी होते. कोणी कोणी येत होतं, भाव विचारत होतं. बाबा भाव सांगायचे आणि पुढे म्हणायचे, "अन् ते गजेंद्रचं वेल्डिंग शाबूत व्हतं बरं का. तपासून आलं नागपूरहून." लोकांना आधी कळायचंच नाही हा कशाचं बोलतोय. बाबा ज्याला त्याला तेच सांगत राहिले. घरी येताना मी विचारलं, सगळ्यांना कशाला सांगता. म्हणाले, "बोललो तवा लोकाइसमोर बोललो. आता घरात बसून कसं वापस घेऊ."

तुला फोन करायला सांगितलं तर म्हणाले, "तो उचलत नाही." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत?

निशी


डोणगाव, ९ नोव्हेंबर २०२५

दादा,

आता फक्त कामाचं.

नवी लाइन जवळजवळ उभी राहिली. मध्ये एक मोठा लूप घातला आहे, म्हणजे वाढलेली लांबी तिथेच जिरेल. ट्रॅप नवे. प्रत्येक मोकळ्या शूजवळ गर्डरवर पिवळ्या रंगात लिहिलं आहे, "वेल्ड करू नये." ते मराठीत लिहायला गणेशरावांनी लावलं, ठेकेदार इंग्रजीत लिहीत होता. कंट्रोल रूमच्या काचेतून ते दिवसभर लाइनीकडे बघत असतात. नारायणराव म्हणतात, एवढं कोणी गाईच्या वेताकडे बघत नाही.

लूपचे शेवटचे जोड बाकी आहेत. उंचावरचे आहेत, हात वाकडा करून मारावे लागतील असे. ठेकेदाराजवळ त्या दर्जाचा वेल्डर नाही. खामगावहून एक जण यायला तयार आहे, येत्या आठवड्यात सांगायचं आहे. बैठकीत गणेशराव म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक आहे, दहेजला असतो, त्याचं काम एकदा कापून तपासलेलं आहे. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी यात बोलणं बरोबर नाही. त्यांनी तुझ्या नावाला होकार दिला आणि आधी एक नमुन्याचा जोड मारून दाखवावा लागेल म्हणाले. तो सगळ्यांनाच लागतो.

तू येशील की नाही मला माहीत नाही. तुझ्या पत्रावरून तरी नाही असंच वाटतं. तिथलं काम सोडून यावं असं मी म्हणत नाही. जमणार नसेल तर रामजवळ निरोप दे, म्हणजे खामगावच्या माणसाला सांगता येईल. माझी सुट्टीही आता संपत आली आहे. ती सुट्टी होती हे मी तुला लिहिलं नव्हतं. काम ऑफिसचं होतं, पण महिनाभराचंच. पुढचे दिवस मी माझ्या रजेतून घेतले.

आईचा काही निरोप नाही. तिने फक्त तुझ्या खोलीतलं सोयाबीनचं पोतं बाहेर काढलं. बाबांनी कशाला म्हणून विचारलं नाही, दुसऱ्या टोकाला धरून उचलू लागले.

काल काजलचा फोन आला होता. मुलांचं, मेथीचं, झुंबरबाईंच्या गुडघ्यांचं सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाली, "दादाले कळव. संभाजीनगरहून येणारी गाडी पयले बीबीले थांबते, डोणगाव मांगून येते. उतराचं असलं तं पयले इथं उतरजो म्हणा. जेवून मंग पुढं जाय म्हणा."

तिने सांगितलं ते जसंच्या तसं कळवलं.

निशी